ताईची पूड

ताईची बोटं डोक्यावर फिरली की बाई बोलायला लागते, असं सगळ्या गल्लीत म्हणत. केस धुवायच्या भांड्यावर मान टेकवावी, ताईनं टाळूवर दोनदा गोल हात फिरवावा, आणि खुर्चीतल्या बाईनं सासूपासून समोरच्या बिऱ्हाडापर्यंत सगळ्यांच्या नावानं पाढा वाचायला सुरुवात करावी. ताई ऐकून घेई, पण तिचं लक्ष केसांकडे असे. केसांवरून माणूस कळतो, असा तिचा ठाम समज होता.

"झोप नाही होत ना तुझी?" ती मध्येच विचारी.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुझ्या केसांनी. मुळाशी बघ कसे राठ झालेत."

बाई टाळू चाचपून बघायची. मग घरी जाऊन शेजारणीला सांगायची, की ताईला सगळं दिसतं.

ताईचं पार्लर म्हणजे घराची पुढची खोली. कोपऱ्यात डागाळलेला मोठा आरसा, एक फिरती खुर्ची जी वर जायची पण खाली यायला कुरकुरायची, आणि मागे जाड पडदा. पडद्याआड स्वयंपाकघर आणि त्यापलीकडे झोपायची खोली. नवरा लवकर गेला तेव्हा ताई दुसऱ्याच्या पार्लरमध्ये फरशी पुसण्यापासून शिकली, आणि हळूहळू ही खोली उभी केली. मूलबाळ नव्हतं. होती ती धाकटी बहीण.

धाकटीला सगळे चिमणी म्हणत. ती आता चाळिशी ओलांडून गेली होती तरी चिमणीच. आई वारली तेव्हा चिमणीचे दुधाचे दात पडत होते. तेव्हापासून तिला न्हाऊमाखू घालायचं, तिच्या वेण्या घालायच्या, शाळेत बाईंनी विचारलं तर उत्तरही द्यायचं, हे सगळं ताईनं अंगावर घेतलं. लग्न ठरलं तेव्हा ताईनं एकच अट घातली होती, चिमणी माझ्याबरोबर येईल. नवरा शेवटपर्यंत चेष्टेनं म्हणायचा, "मी एक बायको केली आणि घरात दोन आल्या. एक बोलते, दुसरी तिच्याकडे बघते."

ते खरंच होतं. चिमणीला कुणी काही विचारलं की ती आधी ताईकडे बघायची. चहा घेणार का म्हटलं तरी.

एका सोन्याच्या दुकानात मात्र ती स्वतःच्या पायावर उभी होती. अंगठ्यांच्या काउंटरवर ती बसे. गिऱ्हाइकाला अंगठी दाखवायची ती डबीत नाही, स्वतःच्या बोटात घालून. तिची बोटं लांबसडक, नखं गुलाबी, बदामासारखी. मागे सैलसर अंबाडा, मानेवर एक बट. मालक म्हणायचे, "लोक अंगठी विकत घेत नाहीत हो, या बाईंचा हात बघून भुलतात." चिमणी लाजून काचेखालचे ट्रे सरळ करायची. घरी आली की ताईला सांगायची, "आज एका म्हाताऱ्यानं बायकोसाठी अंगठी घेतली. जाताना मलाच आशीर्वाद देऊन गेला." तेवढ्यावर तिचा दिवस साजरा व्हायचा.

चिमणीचं थायरॉइड मंद होतं. कित्येक वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी घ्यायची. ताई उठल्यावर पहिलं काम तेच करायची. गोळी चिमणीच्या तळहातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची.

मग चिमणीचे केस गळायला लागले.

आधी कंगव्यात, मग उशीवर, मग न्हाणीघराच्या जाळीत. दर रविवारी ताई तिचे केस विंचरायची. एके रविवारी तिनं कंगवा थांबवला आणि भांगाच्या रेषेकडे बघत राहिली. दुसऱ्या कुणाची असती तर तिनं लगेच सांगितलं असतं, वय झालं, होतं असं. चिमणीला तिला ते सांगवेना.

"काय झालं ग?" चिमणीनं आरशातून विचारलं.

"काही नाही. गुंता आहे."

त्याच सुमारास एक गिऱ्हाईक बाई परदेशातल्या मुलीकडे राहून आली आणि ताईला गोळ्यांची एक बाटली देऊन गेली. "बायोटिन. तिकडे सगळ्या बायका घेतात. केसांना, कातडीला, नखांना, तिन्हीला एकच." ताईनं चष्मा लावून बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. व्हिटॅमिन निघालं. म्हणजे डाळीत, अंड्यात, दाण्यात असतं तेच. तिला एकदम हुरूप आला. घरी लेप, तेलं, लोशनं करायचा तिला पहिल्यापासून नाद होता. बाजारच्या बाटल्यांत निम्मं पाणी आणि निम्मा वास असतो, असं ती म्हणे.

तिनं गोळ्या खलबत्त्यात कुटल्या आणि केसांच्या लेपात घातल्या. जवस उकळून काढलेला चिकट रस, कोरफडीचा गर, थोडं ग्लिसरीन, आणि त्यात ही पूड. पहिला प्रयोग फसला. गोळी बांधायला घातलेला खडू विरघळेना. लेप धुतल्यावरही केसांत पांढरे कण राहिले, आणि लेप लावून गेलेली बाई दुसऱ्या दिवशी तावातावानं आली.

"ताई, नवरा म्हणतो, पैसे देऊन कोंडा विकत आणलास का?"

ताई पोट धरून हसली, पण मनाला लागलं. मग ती प्रसाधनांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानात गेली. तिथे निव्वळ बायोटिनची पांढरी भुकटी मिळाली, गोळीतल्या खडूशिवाय. दुकानदार पुडी बांधता बांधता म्हणाला, "लावायलाच हवीय ना? फार तेज असते. लेपाला चिमूटभर पुरे."

"लावायलाच," ताई म्हणाली. तेव्हा ते खरंही होतं.

आता हात बसला. भुकटी तेलात विरघळत नाही, तळाशी बसते, हे तिला पहिल्या बाटलीतच कळलं. मग ताई ती आधी गरम पाण्यात विरघळवायची आणि कोमट झाल्यावर कोरफडीच्या गरात घोटायची. नखांसाठी एरंडेलाची वेगळी बाटली केली, लावण्याआधी जोरात हलवायची. चेहऱ्याला गुलाबपाण्यातून. बायका खूश झाल्या. लेपानं केस मऊ होत, ते जवसानं की भुकटीनं की ताईच्या चोळण्यानं, हे कोण सांगणार? पण नाव भुकटीचं झालं. 'ताईची पूड' म्हणून बायका मागू लागल्या.

चिमणीला ताईनं सगळ्यात जास्त लावली. डोक्याला, नखांना, चेहऱ्याला. केस तरी गळतच होते. ताई विचार करत राही. पानांवर पाणी शिंपडून रोप वाढत नाही, मुळाशी घालावं लागतं. केसाचं मूळ तर रक्तावर जगतं. मग पोटातूनच का देऊ नये? व्हिटॅमिन तर आहे.

तिनं सकाळच्या दुधात अर्धा छोटा चमचा भुकटी घातली आणि ढवळली.

"काय आहे हे?" चिमणीनं विचारलं.

"तुझ्या केसांचं."

चिमणीनं पेला तोंडाला लावला आणि रिकामा केला. त्या घरात औषध म्हणजे डॉक्टरनं दिलेलं. सर्दीला वाफ, घशाला मीठपाणी आणि केसांना पूड, ही औषधं नव्हेत, ही ताई. दोघींनी असा कधी शब्दांत विचार केला नव्हता, पण वागणं तसंच होतं. दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांनाही ताईनं दुधातून घ्यायला पुड्या बांधून दिल्या.

चिमणीची वर्षाची रक्ततपासणी झाली. रिपोर्ट घेऊन दोघी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हातारे, मायाळू, डोक्यावर केस औषधालाही नाही. मागे एकदा ताईनं त्यांच्या बायकोसाठी तेलाची बाटली नेली होती, तेव्हा भरल्या दवाखान्यात ते म्हणाले होते, "या तेलानं माझ्या टकलावर एक जरी केस उगवला ना ताई, तर मी दवाखाना बंद करून तुमच्याकडे उमेदवारी करीन." बाकावरचे सगळे हसले होते. ताईही हसली होती. पण त्या दिवसापासून तिनं आपल्या तेला-लेपांचा विषय त्यांच्यासमोर काढला नव्हता.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि भुवया चढवल्या.

"थायरॉइड जास्त दाखवतंय. म्हणजे तुमची गोळी जास्त पडते आहे. वजन उतरलंय का?"

"नाही," चिमणी म्हणाली.

"छातीत धडधड?"

"जिना चढले की होते थोडी."

"हं. दुसरं काही चालू आहे? गोळ्या, टॉनिक, घरगुती काही?"

चिमणीनं ताईकडे बघितलं.

ताईच्या डोळ्यांसमोर ओट्यावरची बरणी आली. चमचासुद्धा दिसला. आणि मग डॉक्टरांचं चकचकीत डोकं, बाकावरचे हसणारे चेहरे. आता पुन्हा काहीतरी बोलतील. दवाखान्याच्या पडद्यापलीकडे चार बायका बसल्यात, त्यातल्या दोघी माझ्याकडे येतात.

"नाही हो," ती म्हणाली. "काही नाही."

डॉक्टरांनी गोळी निम्मी केली.

त्यानंतर जे सुरू झालं ते इतकं सावकाश आलं, की रोज बघणाऱ्याला दिसूच नये. चिमणीला थंडी वाजायला लागली. लोक पंखे लावून बसलेले असताना ती स्वेटर घालून दुकानात जायची. चेहरा भरल्यासारखा झाला.

"बाळसं धरलंय हो तुमच्या चिमणीनं," एक गिऱ्हाईक म्हणाली.

"दृष्ट लावू नका," ताई म्हणाली, आणि तिला बरंही वाटलं. पुडीनं कातडी तुकतुकीत होते म्हणतात, तेच असेल.

पण केस आणखी गळाले. भुवयांची बाहेरची टोकं विरळ झाली. नखांना उभ्या चिरा पडल्या, ती चादरीत अडकून तुटू लागली. चिमणीचा आवाज बसला तो बसलाच. वाक्याच्या मध्येच थांबून ती शब्द शोधत राहायची. रविवारी विंचरताना ताईच्या हातात केसांचा पुंजका येई. ती तो मुठीत दडवून पदराआड घेई, आणि चिमणी आरशातून बघून न बघितल्यासारखं करी.

ताईनं चमचा भरून घालायला सुरुवात केली. मग सकाळी एक, संध्याकाळी एक.

"कडू लागतंय का?"

"नाही ग. काहीच लागत नाही." चिमणी पेला दोन्ही हातांनी धरून बसे. "गरम आहे, तेवढंच बरं वाटतं."

दुकानात एके दिवशी एक नवरा-बायको अंगठी बघत होते. चिमणीनं नेहमीसारखी अंगठी बोटात घातली. दाखवली. बाईला आवडली. आणि अंगठी निघेना. बोट सुजलेलं होतं. चिमणीनं ओढली, फिरवली. पेरावर कातडी गोळा झाली. गिऱ्हाईक बाईनं आधी हसून बघितलं, मग नजर वळवली. शेवटी मालकांनी तिला आत मोरीवर नेऊन साबण लावून अंगठी काढली. बाहेर आली तेव्हा ते जोडपं गेलं होतं.

मालक माणूस बरा. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. "थोडे दिवस आत बसा," ते म्हणाले. "दागिन्यांना किमतीच्या चिठ्ठ्या बांधायचं काम आहे. तब्येत सुधारली की या पुन्हा काउंटरवर."

चिमणीनं हे ताईला त्या दिवशी सांगितलं नाही. ताईला कळलं ते दुकानातल्या दुसऱ्या मुलीकडून, केस कापता कापता. कात्री हातातच राहिली.

"मला का नाही सांगितलंस?" घरी तिनं विचारलं.

चिमणीनं बराच वेळ घेतला. आता ती सगळ्याच गोष्टींना वेळ घेई. "सांगणार होते," ती म्हणाली. "विसरले."

ती खोटं बोलत नव्हती. ती खरंच विसरली होती, आणि ताईच्या काळजात चर्र झालं ते त्यामुळे.

दुसऱ्यांदा तपासणी केली. रिपोर्ट पुन्हा तोच, उलट थोडा वरच. म्हातारे डॉक्टर चिमणीकडे बघत, मग कागदाकडे. "तुमच्याकडे बघून कुणी म्हणणार नाही," ते पुटपुटले. "पण कागद तर स्वच्छ सांगतोय." त्यांनी गोळी पूर्ण बंद केली आणि मोठ्या हॉस्पिटलातल्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. तिथली तारीख लांबची मिळाली.

या वेळी त्यांनी दुसरं काही घेता का, हे विचारलं नाही. मागे विचारून झालं होतं.

आता सकाळी गोळी नव्हती, नुसतं दूध होतं. ताईनं लेप बदलून बघितला, तेल गरम करून बघितलं. गिऱ्हाईक बायकांना ती म्हणे, "वय असतं एकेकाचं. जाईल निघून." त्या माना डोलवत, आणि गेल्यावर आपापसांत बोलत, की ताईच्या घरातच असं, मग आपलं काय? ताईच्या कानावर तेही आलं. तिला त्याचं दुःख नव्हतं असं नाही. चिमणीचं डोकं हीच तिच्या धंद्याची पाटी होती, आणि ती पाटी सगळ्यांदेखत पुसली जात होती. मग रविवारी ती अधिकच जोर लावून चोळी. चिमणी हूं की चूं करत नसे.

तारखेची वेळ आलीच नाही. दुकानाच्या आतल्या खोलीत चिठ्ठ्या बांधता बांधता चिमणी तशीच बसून राहिली. हातात दोरा, डोळे उघडे. दुकानातल्या मुलीनं हाक मारली तर उत्तर नाही. हात लावला तर गार. मालकांनी स्वतःच्या गाडीतून तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि ताईला बोलावून घेतलं. ताई डोक्याला लेप लावलेल्या बाईला खुर्चीत तशीच सोडून धावली.

वॉर्डातली डॉक्टर तरुण होती. तिनं चिमणीची नाडी धरली आणि धरूनच राहिली. गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय उडाला, पण खाली यायला आळसावल्यासारखा वेळ लावला. नडगीवर बोट दाबून बघितलं. मग ताईनं निघताना उचलून आणलेले जुने रिपोर्ट वाचले. पुन्हा वाचले.

"हे यांचेच आहेत?"

"हो."

"कागद म्हणतो शरीर धावतंय. आणि या तर थांबायला आल्यात." ती चिमणीच्या तोंडाशी वाकली. "मावशी, ऐकू येतंय? केसांसाठी काही घेता का? नखांसाठी? कातडीसाठी?"

ताई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. चिमणीची नजर हळूहळू फिरत ताईकडे आली. ताईनं तोंड उघडलं. पण या वेळी चिमणीच आधी बोलली, फाटक्या, जड आवाजात.

"ताईची पूड."

"कसली पूड?"

"बायोटिन," ताई म्हणाली. "दुधातून देते. व्हिटॅमिन आहे ते."

"किती?"

ताईनं चमच्याचं माप बोटांनी दाखवलं. डॉक्टरनं डोळे मिटून घेतले. मग तिनं समजावून सांगितलं, न रागावता, पण एकेक शब्द सुटा करून. थायरॉइड तपासायच्या पुष्कळ चाचण्यांमध्ये बायोटिनच वापरलेलं असतं, रक्तातला पदार्थ पकडायला. रक्तात आधीच बायोटिनचा पूर आला असेल तर चाचणी फसते. कमी असलेलं जास्त दाखवते. चिमणीची गोळी कधी जास्त पडतच नव्हती. ती गरजेची होती, ती निम्मी केली, मग बंद केली. केस आणखी गळाले, सूज आली, थंडी वाजायला लागली, ते सगळं गोळी काढून घेतल्यानं.

ताईनं पलंगाचा दांडा धरला. "म्हणजे माझ्या पुडीनं तिला हे केलं?"

"पुडीनं नाही," डॉक्टर म्हणाली. "पूड कुणाला सांगितली नाही, त्यानं. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं का?"

ताईनं चिमणीच्या पायांवरची चादर सारखी केली. डॉक्टर सलाइन बघायला वळली.

चिमणी वाचली. पूड बंद केल्यावर काही दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं तेव्हा खरा आकडा दिसला. तो बघून वॉर्डातली नर्ससुद्धा चुकचुकली. गोळी पुन्हा सुरू झाली. सूज उतरली, शब्द परत आले. पण हृदयावर ताण पडला होता, त्याची दोन औषधं मागे लागली. आवाज पूर्वीसारखा झाला नाही. केस येतील, डॉक्टर म्हणाली, पण वेळ लागेल आणि पूर्वीइतके येतील असं सांगता येत नाही. दुकानात काउंटरवर आता एक नवी मुलगी बसत होती. मालकांनी चिमणीला आतलं काम कायम ठेवलं, वर खुर्चीला गादीही करून दिली. त्या गादीवरून चिमणीला सगळं समजलं.

घरी आल्यावर ताईनं बरणी मोरीत ओतली. मग ती ज्यांना पुड्या दिल्या होत्या त्यांच्या दारोदार गेली. दार उघडून ताईला उभी बघताच बायकांना वाटे, नवा लेप आला.

"पोटातून घेऊ नका," ताई सांगे. "आणि घेतलीत तर रक्त तपासायच्या आधी डॉक्टरांना सांगा. चाचण्या फसतात."

"अहो, पण मला तर किती गुण आला!" एकीनं डोक्यावरून हात फिरवून दाखवला. "तुमच्या चिमणीचं आजारपण वेगळं हो. तुम्ही उगाच जिवाला लावून घेता."

दुसरीनं डोळे बारीक केले. "दुसऱ्या कुणाला द्यायचीय का सगळी? तसं स्पष्ट सांगा ना."

तिसरीनं पुडी आणून दिली, पण ती निम्मीच होती. उरलेली कुठे आहे ते ताईनं विचारलं नाही. इतकी वर्षं या बायका तिनं सांगितलेलं सगळं ऐकत आल्या होत्या, आणि आज पहिल्यांदा ती जिवाच्या आकांतानं काही सांगत होती, तर त्या तिची समजूत काढत होत्या.

ताई म्हाताऱ्या डॉक्टरांकडेही गेली. त्यांच्यापुढे बसून जे होतं ते सांगितलं. ते खूप वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

"मी विचारलं होतं ना?" त्यांनी विचारलं. जणू त्यांनाच खात्री नव्हती.

"विचारलं होतं."

"मग?"

"तुम्ही हसाल असं वाटलं."

डॉक्टरांना ती बाटली, तो विनोद काहीच आठवत नव्हतं. "मी? कशाला हसेन?" ते म्हणाले. ताई उठून आली.

चिमणी मात्र काही बोलली नाही. कितीतरी दिवस. ताई वाट बघत होती, की ती रागावेल, पेला आपटेल, आतापर्यंत कधी न काढलेला शब्द काढेल. मग एका सकाळी ताई गोळी तळहातावर ठेवायला आली, तर चिमणीनं आधीच घेतली होती. पेला विसळून पालथाही घातला होता.

"अग, मी देत होते ना."

"घेतली मी."

ताई खाली बसली. "चिमणे, तू बोल तरी मला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडावर आलं होतं. मी गिळलं. माझ्या मानापायी."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत होतं?"

"मी बघत होते ना तुझ्याकडे." चिमणी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तुझा चेहरा बदलला ते दिसलं. आणि मला काय, जीभ नव्हती? मीच पीत होते ते दूध. पण मी म्हटलं, ताई नाही म्हणतेय, म्हणजे नाही." ती दमली, थांबली, मग पुढे म्हणाली, "मी तुझ्यावर रागावले नाहीये. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं."

त्या रविवारी चिमणी बाहेर गेली आणि दोन रस्ते सोडून असलेल्या एका अनोळखी दुकानातून केस कापून आली. अगदी बारीक, पोराटोरांसारखे. उरलेसुरले केस असे छान दिसत नव्हते, पण नीटनेटके दिसत होते. कानामागे एके ठिकाणी कात्री वाकडी गेली होती. ताईचा हात आपोआप पुढे झाला.

"राहू दे," चिमणी म्हणाली.

ताईनं हात मागे घेतला.

पुढच्या तपासणीला दोघी मिळूनच हॉस्पिटलात गेल्या. ताईनं सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घेतली होती, जुने-नवे रिपोर्ट क्रमानं लावले होते, आणि बसमध्ये मनातल्या मनात काय काय सांगायचं ते घोकत होती. डोक्याला काय लावते, साबण कुठला, झोप कशी. आता काही म्हणजे काही सुटू द्यायचं नव्हतं.

चिमणीचा नंबर पुकारला. ताई उठली. चिमणीही उठली, आणि तिनं ताईच्या हातातून पिशवी घेतली.

"तू बस इथे."

"अग, पण त्या विचारतील, तुला सगळं आठवणार नाही. मागे कशी विसरत होतीस."

"नाही आठवलं तर नाही आठवलं म्हणेन."

"मी नुसती बसते कोपऱ्यात. तोंडसुद्धा उघडणार नाही."

चिमणीनं तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात काही विचारणं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा नव्हतं. "मला तू दिसलीस ना ताई," ती हळूच म्हणाली, "तर मी तुझ्याचकडे बघेन."

ती आत गेली. दार लागलं.

ताई बाकावर बसली. आतून डॉक्टरचा आवाज ऐकू येत होता, मग थोडी शांतता, मग चिमणीचा जाडा, बसका आवाज. शब्द कळत नव्हते. आवाज अडखळला, थांबला, पुन्हा सुरू झाला. ताईनं दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. जवसाच्या चिकट रसानं आणि वर्षानुवर्षांच्या पाण्यानं बोटांची टोकं सुरकुतलेली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमच्या कोण आत?"

"बहीण," ताई म्हणाली.

"एकट्याच गेल्या? तुम्ही नाही गेलात बरोबर?"

"नाही," ताई म्हणाली. आत कुणीतरी काहीतरी विचारलं होतं, आणि चिमणी उत्तर देत होती.